मार्गासनीच्या विहिरीच्या नोंदी

गुलफशाच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांच्या यादीत, एकेचाळीस ओळी होत्या. फाइलचं नाव सव्वीस ठिकाणी येत होतं आणि सव्वीसही ठिकाणी ते अवतरणचिन्हांत होतं. मी मोजलं. एखादं सुटलेलं सापडलं असतं, तर मला बरं वाटलं असतं.

भोरच्या कॉलेजात मी अकरा वर्षं प्रयोगशाळा सांभाळते. विहिरींची पाणीपातळी नोंदवण्याचा प्रकल्प मी सुरू केला. उत्रोली, मार्गासनी अशा सहा गावांत जुने संगणक ठेवले आहेत. नोंदी महिनाअखेरीस आम्ही पेनड्राइव्हवर आणतो. दर रविवारी जुन्या प्रती पुसणारी स्क्रिप्ट माझी.

दोन वर्षांपूर्वी गुलफशा प्रकल्पात आली. तिनं लिहिलेलं सहाही संगणकांवर पहिल्या झटक्यात चालायचं. मुलं अडली की आधी माझ्याकडे यायची, आता तिच्याकडे जातात. विभागप्रमुख इंद्रजित सरही म्हणतात, गुलफशाला विचारा.

जूनमध्ये, गावांत बसवण्याआधी, तिनं माझी ही नवी स्क्रिप्ट वाचली आणि मुलांसमोर, अगदी हळू आवाजात म्हणाली, "ताई, आपली आज्ञा वाचणारा शेल प्रत्येक मशीनवर वेगळा आहे. तुमच्या लॅपटॉपवरचा नाव अख्खं ठेवतो. मार्गासनीच्या मशीनवरचा स्पेस दिसली की तुकडे करतो. 'मार्गासनी जुनी' पुसायला सांगाल आणि तो 'मार्गासनी' पुसून मोकळा होईल. नाव अवतरणांत टाका."

तिचं बरोबर होतं, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. संध्याकाळी तिनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, केलंय दुरुस्त. केलं नव्हतं. माझ्या लॅपटॉपवर दहा वेळा चालवून पाहिली, दहाही वेळा नीट चालली. तेवढं मला पुरलं. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून तिनं ती गावोगावी जाऊन बसवली.

महिनाअखेरीस मार्गासनीच्या तीन आठवड्यांच्या नोंदी गायब होत्या. जुनी प्रत जागेवर होती, चालू फाइल दर रविवारी पुसली गेली होती. मशीनला शेवटचा हात गुलफशाचा, त्यामुळे सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. माझी स्क्रिप्ट दुरुस्त झालीय असं धरून चार दिवस ती स्वतःची चूक शोधत बसली. मी शेजारच्या टेबलावर होते आणि चारही दिवस उद्या सांगू म्हणत होते.

चहा घेऊन आलेले गेनबा तिच्याकडे बघत मला म्हणाले, "पोरगी दोन दिस जेवली न्हाई बगा. तुमाला काय घोर न्हाई, तुमी घ्या च्या."

आज दुपारी सरांनी दोघींना बोलावलं. गुलफशाला प्रकल्पातून काढल्याचं पत्र टाइप होऊन टेबलावर पडलं होतं, सही राहिली होती. काही सांगायचंय का, असं त्यांनी तिला विचारलं. ती म्हणाली, चूक माझीच असणार सर, फक्त मला ती सापडत नाही.

तिला न केलेली चूकसुद्धा कबूल करता येत होती. मला याचाही हेवा वाटला.

सरांनी पेनचं टोपण काढलं.

"थांबा सर," मी म्हणाले. "नोंदी माझ्या स्क्रिप्टनं पुसल्या. हिनं मला जूनमध्येच सांगितलं होतं. दुरुस्त केली असं मी हिला खोटं सांगितलं."