डाव्या कोपऱ्यातले वजन

मित्रांनो, मी एक जुनी स्की-बोट आहे. कळंबच्या किनाऱ्यामागे सुरूच्या झाडांखाली पडून असते. माझे इंजिन कधीच काढून नेले. आता कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालतात.

एकनाथ वर्तकांनी १९९७ साली मला आपल्या रिसॉर्टसाठी आणले. माझे अंग सडपातळ, पोट सपाट. दोरी धरून पाण्यावर घसरणाऱ्या माणसाला वेगाने ओढायचे आणि मागे लाट उठू द्यायची नाही, एवढेच माझे काम. खाडीत भरतीचे पाणी स्थिरावले की गॅब्रिएल मला चालवायचा. "पान्यावर रेघपन उमटत नाय हिची," असे तो कौतुकाने म्हणायचा. मी फुलून जायचे.

मग २००३ साली एकनाथरावांनी कुठल्याशा व्हिडिओत नवा खेळ पाहिला. बोट मुद्दाम जड करायची, एका बाजूला कलती ठेवायची आणि सावकाश चालवायची. मागे लाट उभी राहते. मग माणूस दोरी सोडून, फळीवर उभा राहून नुसत्या लाटेवर तरंगत येतो. माझा पंखा पोटाखाली असल्याने मागच्या माणसाला त्याची भीती नव्हती. झाले! माझ्या मागच्या डाव्या कोपऱ्यात पाण्याने भरलेले ड्रम बांधले. एका खांद्यावर पोते घेतलेल्या हमालासारखी मी कलले. तरी लाट काही उठेना.

त्या रविवारी विरारच्या मनोरमाबाई आणि त्यांची मुलगी कृतिका आल्या होत्या. कृतिका माझ्यामागेच स्कीइंग शिकलेली. फळीवर तीच उभी राहणार होती. मनोरमाबाई अंगाने भरलेल्या. एकनाथरावांनी सगळ्यांदेखत हाक मारली, "वहिनी, तुम्ही मागे डावीकडे बसा ना. दोन ड्रमांचं काम होईल!"

बोटीतली पाहुणेमंडळी हसली. पाण्यातून कृतिकाही हसली. मनोरमाबाईंनी पदर अंगाभोवती घट्ट ओढला आणि त्या कोपऱ्यात जाऊन बसल्या.

आणि लाट उठली! गुळगुळीत, कमरेएवढी. कृतिकाने दोरी सोडली, टाळ्या पडल्या. मनोरमाबाईंचे डोळे भरले होते. तरी मी मिरवतच होते.

तेवढ्यात कृतिका पडली. तिला घ्यायला गॅब्रिएलने मला घाईने वळवले. जड कोपरा खाली गेला आणि माझीच लाट माझ्या अंगावर आली. आत पाणी शिरले, इंजिन बंद पडले. ओहोटी लागली होती. लाइफ जॅकेट घातलेली कृतिका कोळ्यांनी खाडीत रोवलेल्या जाळ्यांच्या खुंटांकडे वाहत चालली. तिच्या पायात गोळा आला होता, पोहता येत नव्हते.

गॅब्रिएलने नांगर टाकला. "खुंटाला अडकली तर जालं तिला खाली ओढील!" तो ओरडला. एकनाथराव नुसतेच, "कोणीतरी काहीतरी करा," म्हणत उभे.

मनोरमाबाईंनी ओढायची दोरी कमरेला बांधली.

"वहिनी, तुम्ही?"

"भुईगावला आमच्या वाडीतल्या बावखलात, म्हणजे तळ्यात, पोहायला शिकलेय मी. दोरी नीट धरा."

त्यांनी उडी घेतली. कोपऱ्यातले वजन गेले, मी एकदम हलकी झाले. ते हलकेपण मला सोसवेना. त्या मात्र लांब लांब हात मारत गेल्या. खुंट हातभर अंतरावर असताना त्यांनी लेकीला धरले. सगळ्यांनी मिळून दोरी ओढली.

वर आल्यावर कृतिका रडत म्हणाली, "आई, मी तुला हसले गं. तुला पोहता येतं हे कधी का सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? या अंगाने पाण्यात उतरायची लाज वाटायची," मनोरमाबाई म्हणाल्या.

एकनाथराव हातात ओली दोरी धरून उभे होते. "वहिनी, चुकलो मी," एवढेच कसेबसे बोलले. संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने ड्रम सोडले. मला मात्र ड्रमांची लाज वाटत नाही. त्या हसण्यावर मी माझी लाट उभी केली, याची वाटते.

पुढच्या सुट्टीत मायलेकी पुन्हा आल्या. मनोरमाबाई आधी पाण्यात उतरल्या.

मित्रांनो, मला रंग लावा असे मी म्हणत नाही. पण कुणाच्या अंगावरून हसू आले, तर आवरा. तुम्ही क्षणभर हसता आणि विसरता. एखादे माणूस त्यापायी वर्षानुवर्षे पाण्याकडे पाठ फिरवून बसते.