पूर्ण एक मिनिट

आईनं तीस वर्षं नर्सिंगच्या मुली घडवल्या. वॉर्डात सगळ्या तिला मोठ्या बाई म्हणत. आई म्हणणारी मी एकटीच. नव्या मुलींसाठी तिनं दोन ओळी जुळवल्या होत्या.

नाडी बोले बोटाला, ताप बोले हाताला,
श्वास बाई लाजरा, जाऊन बसे कोपऱ्याला.

म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. नजर हळूच छातीवर न्यायची आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे, पेशंटला कळू न देता. कळलं की त्याचा श्वास बदलतो. आणि आत काही बिघडलं की पुष्कळदा आधी श्वासच पळू लागतो. "बाकीची लक्षणं म्हणजे वरातीमागून घोडं," असं ती म्हणायची.

खुब्याच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ती माझ्याच वॉर्डात होती. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, तुझ्या आईला दुसरी कुणी बघेल. आईनं ऐकलं नाही. "लेकीला शिकवलं ते काय पेटीत ठेवायला?"

सकाळी दहाला मी तिचं मनगट धरलं. नाडी जराशी जलद. नजर छातीवर नेली, तर तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू.

"माझीच विद्या... माझ्यावर?"

"गप्प राहा ना आई, मोजू दे."

"चोराच्याच घरी... चोरी करतेस, बये."

मलाही हसू फुटलं. तेवढ्यात सात नंबरच्या आजोबांनी सलाइन उपटलं, तिकडून हाका आल्या. मी तक्त्यावर अठरा लिहिलं. अठरा कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. घाईला आलं की आम्ही अठराच लिहितो.

"मोजलेस?"

"मोजले."

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपुढं कुणाचं खोटं कधी टिकलं नव्हतं. पण त्या घटकेला ती मोठ्या बाई नव्हती, नुसती आई होती.

"जा. आजोबा... खोळंबलेत."

प्रत्येक वाक्य ती मध्येच तोडत होती. मला वाटलं, झोप झाली नसेल.

दोन वाजता पुन्हा गेले, तेव्हा ओठ निळसर पडले होते. मला न ओळखता ती "सिस्टर" म्हणाली. आता मोजले. अडतीस. ऑक्सिजन लावला, डॉक्टर धावत आले. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली होती.

"सकाळी अठराच होते?" तक्ता पाहत डॉक्टर म्हणाले. "मग अचानकच झालं हे."

मी ऑक्सिजनच्या मास्कची पट्टी सारखी केली.

साडेतीनला सगळे बाजूला झाले. मी मनगट सोडलं नाही. नजर छातीवर, समोर भिंतीवरचं घड्याळ. साठ सेकंद किती लांब असतात, ते सकाळी मी तिला दिले असते तर. एकही श्वास नाही. लाजरा तो, कोपरासुद्धा सोडून गेला.

मग तक्ता ओढला. अठरावर एकच रेघ मारली, खालचा आकडा वाचता यावा अशी, तिनंच शिकवली होती तशी. शेजारी लिहिलं, "मोजले नव्हते." वेळ घातली, सही केली.

इन्चार्ज सिस्टरनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "कशाला गं? आता कोण विचारणार आहे?"

"ती विचारून गेलीय," मी म्हणाले.