खाणीच्या पाण्यात उतरलेला तांब्याचा टोप

मित्रांनो, उरणच्या धक्क्यावरील एका गोदामात तुम्ही मला पाहिलेत, तर कोणाचा तरी हंडा इथे पालथा पडला आहे, असे तुम्हाला वाटेल. माझ्या तिन्ही काचांवर धूळ आहे आणि अंगावर हिरवा कळंक चढला आहे. मी पाणबुड्याचा टोप आहे. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी मी या किनाऱ्यावर आलो.

माझ्यात एका वेळी एकच माणूस मावतो. अकरा वर्षे तो माणूस अंबाजी होता. धक्क्याचे खांब तपासणे, अडकलेले नांगर सोडवणे ही आमची कामे. काठावरचे लोक पंपाचे चाक फिरवून नळीतून हवा पाठवत. अंबाजीच्या कमरेची दोरी मात्र त्याच्या मेव्हण्याच्या, धर्माजीच्या, हाती असे. बहिणीचे कुंकू पाण्यात असताना भाऊ दोरी सोडणार नाही, अशी आमच्या धंद्यातली समजूत होती. दोरीला एक हिसका म्हणजे ठीक, चार म्हणजे वर ओढा. खाली दुसरे बोलणे नव्हते. अंबाजीचा श्वास आणि मी, एवढेच.

१९५८च्या उन्हाळ्यात जवळच्या एका गावाहून निरोप आला. तिथली दगडाची खाण बंद पडून पाण्याने भरली होती. रावजी नावाचा पाथरवट तळाशी राहिलेली लोखंडी साखळी काढायला उतरला, तो वर आलाच नाही. त्याची बायको सोनाबाई तीन दिवस काठावर बसून होती. देह मिळावा, त्याला अग्नी देता यावा, एवढेच तिचे मागणे होते.

अंबाजीने छातीपाठीवर नेहमीचे शिसे बांधले. धर्माजी म्हणाला, “दाजी, थोडं वजन कमी करा. ह्यो समुद्र न्हाय.”

“समुद्र पालथा घातला मी. या डबक्याला भिऊ व्हय?” अंबाजी हसला आणि त्याने माझे पेच आवळून घेतले.

चूक तिथेच झाली. खारे पाणी माणसाला जेवढे उचलून धरते, तेवढे गोडे पाणी धरत नाही. आम्ही वेगाने तळाशी गेलो आणि दगडाच्या भुकटीच्या गाळात अंबाजी मांडीपर्यंत रुतला. माझ्या काचेसमोर नुसता पांढुरका गढूळपणा होता. चाचपडताना साखळीत अडकलेला रावजी त्याच्या हाताला लागला. त्याने त्याला सोडवले, सोबत आणलेली दुसरी दोरी कशीबशी बांधली आणि हिसका दिला. मग त्याचे स्वतःचे पाय निघेनात. श्वास जड झाला. चारचौघांत कधी न उच्चारलेले बायकोचे नाव तो घेऊ लागला. “केसर, केसर.” ते फक्त मी ऐकले.

वर काय घडले ते मला मागाहून धर्माजीच्या तोंडून कळले. चार हिसके पोहोचले तेव्हा लोक रावजीची दोरी ओढत होते. देह निम्म्या वाटेवर आला होता. आता सोडला तर गाठ निसटेल, हे सगळ्यांना दिसत होते. दोन्ही दोऱ्यांना पुरतील एवढे हात तिथे नव्हते. लोकांनी सोनाबाईकडे पाहिले.

“आदी जित्याला काढा,” ती म्हणाली. “माजा मानूस आता कुटं जात न्हाय.”

अंबाजी वर आला. दुसरी दोरी रिकामी आली. त्याला पुन्हा उतरायचे होते. पण सोनाबाईने त्याच्या पायांतले शिशाचे जोडे स्वतःच्या हातांनी सोडले. पुढे तिने दर्भाचा पुतळा करवून त्याला अग्नी देवविला. अंबाजीने मला पुन्हा डोक्यावर घेतले नाही.

गेली काही वर्षे पाठीवर हवेची नळकांडी बांधलेले तरुण त्या खाणीत सराव करतात. त्यांना पंप लागत नाही, दोरीही लागत नाही. एकदा ते गोदामात येऊन मला पाहून हसले. हल्ली मला कोणी हात लावत नाही, म्हणून तेही बरे वाटले.

धर्माजी आता या गोदामाचा राखणदार आहे. तो सांगतो की, ही मुले आली की सोनाबाई हातचे काम टाकून खाणीवर जाते. किती जण उतरले ते विचारून घेते आणि शेवटचा वर येईपर्यंत काठावर उभी राहते. तिला कोणी तसे सांगितलेले नाही.

मित्रांनो, जमले तर माझ्या काचा पुसा. पण पाण्यात उतरण्याआधी काठावरच्या एका तरी माणसाला आपले नाव सांगून जा.