अर्ध्या तासाच्या आत

सिस्टरने ग्लुकोजची पुडी पेल्यात रिकामी केली आणि चमचा फिरवत राहिली. पूड केव्हाच विरघळली होती, तरी तिचा हात थांबेना. समोरच्या बाकावर बटणवाली बसली होती, चौथा महिना लागलेली, आणि तिला खेटून तिची सासू.

सिस्टरच्या डोक्यात नावं राहत नसत. ती बायकांना कामावरून ओळखायची. शर्टांच्या कारखान्यात बटणं लावणारी ही बटणवाली. गेली दीड वर्षं सिस्टर हिला विसरायला बघत होती आणि ते काही जमलेलं नव्हतं.

"मघाशी दुसऱ्या सिस्टर बोलावत होत्या," बटणवाली म्हणाली. "पण म्हटलं, आमच्याच सिस्टर येऊ देत. मागच्या वेळी किती सांभाळून घेतलंत तुम्ही मला."

"पाच मिनिटांत संपव," सिस्टर म्हणाली. "हवं तर नाक धरून पी."

बटणवालीने पेला तोंडाला लावला. सिस्टरने भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ लिहून घेतली. दोन तासांनी साखरेच्या तपासणीसाठी रक्त घ्यायचं होतं.

"या खेपेला मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणार आहे," सासू म्हणाली. बाई काही दुष्ट नव्हती. सुनेची पिशवी तिनेच धरली होती आणि मधूनमधून तिची पाठही चोळत होती. पण बोलायची थांबत नव्हती. "मागच्या वेळचं कार्ड मी जपून ठेवलंय. त्यावर स्वच्छ लिहिलंय, साखर नॉर्मल. मग नवव्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, साखर वाढली म्हणून बाळ पोटातच गेलं. आता मला सांगा सिस्टर, मधल्या मधे ती साखर आली कुठून? खाल्ल्याशिवाय येते का?"

"खाल्लं असेल मी," बटणवाली खाली बघत म्हणाली. "मला आठवत नाही. पण असेल."

सिस्टरला कार्ड बघायची गरज नव्हती. त्यावरचं अक्षर तिचंच होतं.

त्या दिवशीही बटणवालीला उलटी झाली होती, पेला संपवल्यावर विसाव्या मिनिटाला. अर्ध्या तासाच्या आत उलटून पडलं की ती तपासणी धरायची नाही, दुसऱ्या दिवशी परत बोलवायचं, हा नियम सिस्टर नव्या मुलींना स्वतः शिकवायची. पण पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "राहू दे गं, कशाला उगाच कामावर खाडा करतेस," असं म्हणून तिने दोन तासांनी रक्त घेतलं होतं आणि उलटीची नोंद केली नव्हती. तिला दया आली होती, हे खरं. बाहेर चाळीस बायका ताटकळत होत्या आणि तिला स्वतःलाही घरी जायची घाई होती, हेही खरं. बाळ गेल्याचं कळलं तेव्हा ती औषधांच्या खोलीत जाऊन रडली, आणि बाहेर येऊन गप्प बसली.

पंधरा मिनिटांनी बटणवाली तोंडावर हात धरून उठली. परत आली ती बाहीने ओठ पुसत.

"गेलं सगळं," ती ओशाळून म्हणाली. "पण मागच्या वेळी चाललं होतं ना. आजही चालेल?"

"नाही चालत. उद्या परत यावं लागेल."

"मग मागच्या वेळी कसं..."

"मागच्या वेळीही चालणार नव्हतं."

इथे थांबता आलं असतं. सासूला काही उमजलं नव्हतं. ती पिशवीत पाण्याची बाटली शोधत होती. सिस्टरने पेन खाली ठेवलं.

"आई," ती सासूला म्हणाली, "हिने काही खाल्लं म्हणून झालं नाही ते. साखर तेव्हाच वाढलेली असणार. हिला उलटी झाली होती, ते मला माहीत होतं, तरी मी तपासणी तशीच पुढे नेली. नीट झाली असती तर औषध सुरू झालं असतं. कार्डावर नॉर्मल लिहिलंय ते मी लिहिलंय. त्याच्यावर जाऊ नका."

सासूचा हात पिशवीतच राहिला. तिने सुनेकडे बघितलं. मग तिने मान खाली घातली.

सिस्टर आरडाओरड्याची वाट बघत उभी राहिली. ओरडणाऱ्यांपुढे कसं उभं राहायचं, ते इतक्या वर्षांच्या नोकरीत तिला ठाऊक झालं होतं. बटणवाली ओरडली नाही, रडलीही नाही. ती सावकाश बाकावर टेकली.

"मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. "उद्या परत येऊ का, म्हणून."

"हो."

"मी आले असते, सिस्टर."