दाजींनी भात करपवला

आमचे दाजी आचारी. थोरल्या बहिणीचा नवरा, त्यामुळे ते मला काहीही बोलू शकतात आणि मी गप्प ऐकायचं, असा आमचा व्यवहार. गावजेवण एकट्याने पेलतील, पण कुणी पानात घास टाकला की यांचा जीव खाली-वर. त्यांच्या हातचं कधी काही करपलंय, असं मी ऐकलं नव्हतं.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मंडळीतली काही माणसं परदेशातल्या एका अनाथाश्रमात, मुलांच्या सेवेला न्यायची ठरवली. स्वैपाकाला दाजी, कांदे सोलायला मी. बाकीचे भिंती रंगवायचे, मुलांना गाणी शिकवायचे.

तिथल्या स्वैपाकघरात रोज रांधणारी एक बाई होती, मुलं तिला त्यांच्या भाषेत मावशी म्हणायची. दाजींनी गेल्या गेल्या तिला स्टूल सरकवलं. "बसा हो तुम्ही. आठवडाभर आराम." आश्रमाच्या वॉर्डनबाईंना आमची आणि तिथली, दोन्ही भाषा यायच्या, त्यांनी तिला सांगितलं. मावशी बसली. पण तिला बसायची सवयच नव्हती. ऍप्रनचं टोक गुंडाळायची, परत सोडायची.

दाजींनी मग हात सैल सोडला. कोंबडी काय, गोड भात काय, तेलाचा डबा नुसता उपडा. पोरं ताटं चाटायची. एक लहानगी होती, सारखी गरगर फिरायची, आम्ही तिला भिंगरी म्हणायचो. ती तर वाटी घेऊन दाजींच्या पायातच.

"मेव्हण्या, बघ," दाजी मला म्हणाले, "माझ्या हाताला भाषा लागत नाही."

"लागते ना. तेलाची," मी म्हणालो.

"कांदे सोल."

रविवारी आम्हा सगळ्या पाहुण्यांना लांबच्या चर्चमध्ये उपासनेला नेलं. संध्याकाळी परत आलो तर मावशीचं पातेलं भरलेलं. भाज्या घातलेली पातळ लापशी, तिचं रोजचं रांधण. मावशी ती बादलीत ओतत होती, डुकरांना.

"मुलं जेवली नाहीत," वॉर्डनबाई म्हणाल्या. "पाहुण्यांच्या हातचंच पाहिजे म्हणतात. भिंगरीने तर वाटी ढकलून दिली."

दाजी आधी हसले. खोटं कशाला सांगू, मीही हसलो. मग त्यांनी पातेल्यातली चमचाभर लापशी तोंडात घातली आणि त्यांचं हसू गेलं.

"चांगली आहे रे. तेल नाही, एवढंच."

"तेल महिनाभर पुरवायला लागतं," वॉर्डनबाई म्हणाल्या. टोमणा नव्हता तो. म्हणून जास्तच लागला.

कोपऱ्यात डबा रिकामा पडला होता. आम्ही पिशव्या भरभरून सामान आणलं होतं, तेही संपवलं होतं आणि वर तिच्या कोठीतलंही.

परत निघायच्या आदल्या दिवशी पाळकसाहेबांनी शहरातून दोन डबे तेल आणवलं, दाजींनीच सांगितलं होतं. पण दाजी जेवेनात. "डबे भरता येतात," म्हणाले. "पोरांची जीभ बिघडवली त्याचं काय? उद्या मी जाणार, ही बाई इथेच राहणार. उपाशी बसतील ना ती."

निघायच्या दिवशी सकाळीच त्यांनी वॉर्डनबाईंना गाठलं. "मावशींना सांगा, मोठं पातेलं भरून लापशी करा. आम्हाला वाटेत खायची आहे." मग स्वतः भात चढवला. बेतानेच, नेहमीच्या निम्मा. वर झाकण ठेवलं आणि आच मोठी केली.

मी म्हणालो, "दाजी, वास येतोय."

"येऊ दे."

"करपतंय हो."

"कळतं मला." त्यांनी पळी हातात धरली होती, पण पातेल्याकडे बघत नव्हते.

जेवायला बसल्यावर पाळकसाहेबांनी रांधणाऱ्या या हातांबद्दल आभार मानून प्रार्थना केली. पोरांनी आमेन म्हटलं, घास घेतला आणि तोंडं वाकडी केली. मग एक मोठा मुलगा उठला आणि ताट घेऊन मावशीपुढे उभा राहिला. मागून सगळी. मावशी लापशी वाढत गेली. दोनदा तिने दाजींकडे पाहिलं. चुलीपुढे जन्म गेलेल्या बाईला आच कळत नाही होय?

दाजींनी करपलेला भात स्वतःच्या पानात ओढला आणि खायला बसले. "टाकायचा नाही," मला म्हणाले. "तूही घे."

तेवढ्यात भिंगरी आली. लापशीची वाटी तिने दोन्ही हातांनी धरली होती. दाजींच्या पानातला काळा भात बघितला, त्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि आपल्या वाटीतला चमचा त्यांच्या तोंडाला लावला. वॉर्डनबाईंना काहीतरी म्हणाली.

"म्हणते, रडू नका, कुणाचंही बिघडतं."

दाजींनी घास गिळला. मावशीने डाव धुतला आणि ते रिकामं स्टूल उचलून भिंतीपाशी ठेवलं.

बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून होते. मी म्हणालो, "जेवली ना सगळी."

"जेवली," दाजी म्हणाले. "त्या भिंगरीच्या वाटणीचा घास मात्र मी खाल्ला."