घंटाफुलांची इरली

"मी जगवून दावते!" असं मी बोलून गेले, तेव्हा माझ्या खांद्यावर ओल्या चादरींचा ढीग होता आणि मला थांबून ऐकायलाही कुणी सांगितलं नव्हतं.

गोष्ट गेल्या मे महिन्यातली. लोणावळ्याच्या ज्या हॉटेलात मी एकोणीस वर्षं लाँड्रीत आहे, त्याच्या मालकीणबाई लैलाआपा बागेत उभ्या राहून पवन माळ्याची खरडपट्टी काढत होत्या. निमित्त होतं घंटाफुलांचं. नर्सरीवाले त्यांना कॅम्पॅन्युला म्हणतात, आमची जीभ तिथवर जात नाही. देवळातल्या छोट्या घंटेसारखं फूल, एका दांड्याला दहा-बारा. आपांना कुणीतरी सांगितलं होतं की हे झाड एकदा लावलं की पुरे. फुलून झालं की वरून वाळतं, पण बुंधा जिवंत राहतो आणि पुढच्या वर्षी आपणहून वर येतं. म्हणून चार वर्षांपूर्वी त्यांनी निळी झाडं हौसेनं लावून घेतली. दर हिवाळ्यात पवन येऊन सांगायचा, "आपा, आली बगा आपली झाडं." आपा खूश व्हायच्या.

खरं असं होतं, की लोणावळ्याच्या पावसात ती झाडं दरवर्षी सडून जायची आणि पवन गुपचूप नवी आणून लावायचा. त्या वर्षी नर्सरीत निळी मिळाली नाहीत, म्हणून पठ्ठ्यानं पांढरी लावली.

"निळं झाड पांढरं कसं झालं रे?" आपांनी विचारलं.

"म्हातारं झालंय, आपा," पवन म्हणाला.

मी हसले. मोठ्यांदा हसले. आपा मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "अरे, या गावात सगळं एका रात्रीपुरतं येतं आणि जातं," त्या म्हणाल्या. "एक तरी गोष्ट परत येणारी असावी, म्हणून लावली होती मी ती. आता ऐका सगळ्यांनी. या सातांतलं एक तरी झाड पावसाळ्यातून काढून पुढच्या रमजान ईदेला ज्याच्या हातून फुलेल, बाग त्याच्या हाताखाली. मग तो कुणी का असेना."

तिथेच माझं तोंड सुटलं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

पण खोटं कशाला सांगू? मला ती बाग हवी होती. एकोणीस वर्षं मी तिच्याकडे वाळत घातलेल्या चादरींच्या फटीतून बघत होते. साबणाच्या पाण्यानं माझ्या बोटांची कातडी निघायची आणि मनात यायचं, हे हात मातीत असते तर! आपांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ठीक आहे, राजेश्वरी. पण नाही जमलं, तर पुन्हा बागेचं नाव काढायचं नाही."

"न्हाई काढणार," मी म्हटलं, आणि चादरी तिथल्या तिथे हिरवळीवर टाकून कामाला लागले. त्याबद्दल बोलणी खाल्ली ती वेगळी.

आता माझा मूर्खपणा ऐका. मी भातशेतीच्या घरात जन्मले आणि कार्ला गावी भातशेतीच्याच घरात सून म्हणून आले. आमच्या हातांना जमीन दिसली की ते चारी बाजूंनी बांध घालतात. मी सातही झाडं एका वाफ्यात आणली, भोवती सुबक बांध घातला, आणि मेच्या उन्हात त्यांना तहान लागली असेल म्हणून वाफा काठोकाठ भरला. रोज सकाळी. पाणी साचलेलं दिसलं की मला बरं वाटायचं. आठ दिवसांत तीन झाडं आडवी झाली. उचलून बघते तर बुंधा उकडलेल्या बटाट्यासारखा, नुसतं दाबलं तरी साल सुटत होती.

"पावसाची बी वाट न्हाई बगितली वहिनींनी," पवन सगळ्यांना सांगत सुटला. "त्याच्या आदीच बुडवली."

त्या संध्याकाळी मी बसनं घरी गेले. माझी सासू झुंबरबाई, वय वर्षं ऐंशी, उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिला सगळं सांगितलं. म्हटलं, धीर देईल. तर ती सूप बाजूला ठेवून हसायला लागली.

"अगं, ते काय भात हाय व्हय?" ती म्हणाली. "जे रोप चिखलात ऱ्हात न्हाई, त्याला चिखल कशापायी?"

"पण आत्याबाई, आता तर पाऊस येणार. चार म्हैनं चिखलच की!"

"आमी न्हाई का चार म्हैनं पावसात काडलं? पाय पाण्यात, पन पाठ कोरडी. कशानं?" तिनं पडवीच्या आढ्याकडे बोट दाखवलं.

तिथं इरली टांगलेली होती. लावणीच्या वेळी वाकून काम करताना डोक्यावरून पाठीवर घ्यायची, बांबूच्या कांबट्यांत पानं बसवून विणलेली. प्लॅस्टिकचे कागद आले आणि ती तिथंच राहिली. मी सुपाला पाय लागेल याचीही पर्वा न करता उडी मारून उठले. चार झाडं उरली होती आणि वर चार इरली! म्हातारीचा मुकाच घेतला असता, पण ती म्हणाली, "आदी तांदूळ गोळा कर."

दुसऱ्या दिवशी मी बांध मोडला. जिथे हॉटेलच्या मागे भिंत पाडली होती तिथून विटांचे तुकडे आणले, खडी आणली, आणि गुडघाभर उंच उतरता वाफा केला, जेणेकरून पाणी आलं तसं निघून जाईल. वरच्या मातीत वाळू मिसळली. त्यात चार झाडं बसवली आणि पाऊस लागला तसं प्रत्येकावर एक इरलं, खाली विटा देऊन जरा उचललेलं, म्हणजे वारं खेळेल. चारी कडांना खुंट्या ठोकून सुतळीनं बांधलं.

बागेत चार म्हाताऱ्या बायका उकिडव्या बसल्यात असं दिसायला लागलं. पर्यटक त्यांच्याबरोबर फोटो काढायचे. एकानं विचारलं, हे आदिवासी शिल्प आहे का? मी म्हटलं, व्हय, आमच्या सासूबाईंचं. स्वयंपाकघरातले लोक मला "चार सासवांची सून" म्हणायला लागले. म्हणू देत! जुलैत असा पाऊस झाला की दरीकडचा अर्धा रस्ता दिसेना, आणि मी दुपारच्या सुट्टीत छत्री वाऱ्यावर सोडून इरल्यांखाली हात घालत होते. माती ओलसर, पण चिखल नाही. बुंधे घट्ट. मला इतका आनंद व्हायचा की लाँड्रीत येऊन मी मशीनशी बोलायचे.

ऑगस्टात एक झाड गोगलगायींनी खाल्लं. रात्रीत पार भुईसपाट. गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात, मला तर वाटतं तिच्या पोटात विळा असतो. तेव्हापासून पहाटेच्या पहिल्या बसनं येऊन मी त्या वेचायचे आणि चुलीच्या राखेचं कडं करायचे. पावसानं राख वाहून जायची, मी पुन्हा घालायचे. तीन उरली, पण ती तीन राहिली.

ऑक्टोबरात इरली काढली. वरची सगळी पानं तपकिरी होऊन गळाली होती. पवननं येऊन बघितलं आणि या वेळी तो हसलासुद्धा नाही. "गेली, वहिनी," तो म्हणाला. "दरसाल अशीच जायाची."

मी वाळलेलं सगळं कापलं, बोटभर खुंट ठेवले आणि गप्प राहिले. मला गप्प राहिलेलं पाहून लाँड्रीतल्या बायकांनी डॉक्टरकडे जायला सांगितलं. पंधरा दिवस गेले. मग एका सकाळी, हवेत पहिला गारवा होता, मी सहज वाकले तर खुंटाच्या शेजारी मुगाच्या दाण्याएवढं हिरवं! दुसऱ्याशेजारी दोन! मी इतक्या जोरात ओरडले की वरच्या खोलीतले पाहुणे गॅलरीत आले. त्यांना वाटलं साप निघाला. मी त्यांना खालून ओरडून सांगितलं, "आली! परत आली!" त्यांनी टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

पण पानं येणं वेगळं आणि फुलं येणं वेगळं. फेब्रुवारी संपला, रोजे सुरू झाले, आणि तिघांपैकी एकानंच दांडा वर काढला. त्याला तेरा कळ्या. मी दिवसातून दहा वेळा मोजायचे, जणू चौदावी यायची होती. ईद जवळ येत होती आणि कळ्या मिटलेल्या त्या मिटलेल्याच. चंद्र दिसल्याचा निरोप आला तेव्हाही मिटलेल्या होत्या.

ईदेच्या सकाळी मी धावतच फाटकातून आत शिरले. पाच घंटा उघडल्या होत्या! पांढऱ्याशुभ्र, अजून ओल्या. मी तिथेच मांडी घालून बसले आणि रडले. सांगायला लाज कसली?

नमाज आटपून आपा नव्या कपड्यांत बागेत आल्या. मागे घरची मंडळी, स्वयंपाकघरातली माणसं, पवन. आपा फुलांकडे बघतच राहिल्या. त्यांचा हात गालावर गेला. आणि तेवढ्यात पवन बोलला.

"आपा, मी चार वर्सं ह्येच केलं, म्हनून मला म्हाईत. नुसत्या पानांची दोन जुनी आसतील. फुललेलं झाड काल आनून खोवलंय. नर्सरीत पांडरी ढिगानं हायेत."

माझं डोकं सणकलं. पण मी आपांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझा राग विझून तिथे भीती आली. त्यांना वाईट वाटत होतं. चार वर्षं फसलेलं माणूस पाचव्या वर्षी डोळ्यांवर विश्वास कसा ठेवील? "राजेश्वरी," त्या हळूच म्हणाल्या, "आजच्या दिवशी खरं सांग."

हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी खुरपं घेतलं.

"अगं, फुललंय ते!" आपा ओरडल्या.

फुललं होतं. आठ कळ्या अजून उघडायच्या होत्या. उपटलं तर त्या कधीच उघडणार नव्हत्या, हे तिथं माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. पण खुरपं मी चारी बाजूंनी खोल घातलं आणि दहा महिने जीव लावलेलं ते झाड मुळासकट उचलून आपांच्या पायांशी ठेवलं.

"पवनभाऊ, तुमीच सांगा," मी म्हटलं. "नर्सरीचं मूळ कसं आसतं?"

पवन खाली बसला. तो खोटारडा होता, पण माळी होता. नर्सरीच्या रोपाचं मूळ कुंडीच्या आकाराचं, नारळाच्या भुश्यात गुंडाळलेलं असतं. हे मूळ हातभर पसरलेलं होतं. त्यानं विटांच्या तुकड्यांना वेढे घातले होते, खडी पोटाशी धरली होती. मधोमध गेल्या वर्षीचे काळे पडलेले खुंट होते, आणि त्यांच्या भोवती हिरव्या पानांचे पाच वेगळे कोंब, प्रत्येकाला स्वतःची पांढरी मुळं. पवननं एक वीट ओढून बघितली. ती निघेना.

"जुनं हाय, आपा," तो म्हणाला. मग मुळांवरून बोट फिरवत, "माझं एक बी कदी एवडं जगलं न्हाई."

आपा त्या मानेत वाकलेल्या घंटांकडे बघत होत्या. "आणि फुलं?"

"ह्या वर्सीची गेली," मी म्हटलं. "पन एकाची पाच झाली, आपा. पाच बी परत येतील."

मी कोंब एकेक करून सोडवले, भाताची रोपं मुठीतून सोडवावी तसे, मुळं न तोडता. आपांनी नव्या कपड्यांचा विचार न करता ओंजळ पुढे केली आणि मी पाचही त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी ते क्षणभर छातीशी धरले, मग पवनच्या हातात दिले.

"त्यांना विचार, कुठं लावायचे ते," त्या म्हणाल्या.

पवन माझ्यासमोर उभा राहिला, मातीनं भरलेले हात पुढे करून. "वहिनी, कुटं लावू?"

एकोणीस वर्षं मला सगळे सांगत आले होते, हे इथं ठेव, ते तिथं टाक. आज कुणीतरी विचारत होतं.

"थांबा जरा," मी म्हटलं. "बगते." आणि फाटकापासून मागच्या कुंपणापर्यंत सगळी बाग मी सावकाश बघून घेतली. सगळे थांबले.