कुंचीवरचे पोपट

खोटं कशाला बोलू? कुंची मीच उसवली. कात्री घेऊन, टाका न् टाका, भर सकाळी.

सून अंतरा हिला पाचवा लागला तेव्हा मी पिवळ्या मऊ कापडाची कुंची शिवली आणि तिच्यावर उठावाचं भरतकाम करायला घेतलं. आमच्या वेस्ट विंडसरच्या लायब्ररीत दर मंगळवारी बायका जमतात, त्यांच्याकडून शिकले होते. खाली फेल्टचे थर लावायचे, आधी छोटा, त्यावर मोठा, म्हणजे पोपटाचं पोट छान गुबगुबीत होतं. पंख वेगळा भरायचा, कापून काढायचा आणि फक्त खांद्याशी टाचायचा. बोट लावलं की तो उचलला जातो. पंखाच्या कडेला खरं तर बारीक तार घालतात, पण बाळाचं म्हणून मी जाड दोरा घातला. एवढी अक्कल होती मला.

दुसरी नव्हती. आमच्याकडे जन्माआधी बाळाचं नवीन काही करत नाहीत. पहिले दिवस जुन्या लुगड्याची दुपटी आणि कुणाच्या तरी पोरांची झबली. आईने शंभरदा बजावलं होतं. मी म्हटलं, चौतीस वर्षं लॅबमध्ये काढली, आता कसलं डोंबलाचं हे मानायचं! हौस मेली, दुसरं काय! अंतराला कुंची दाखवली, तर तिने एका पोपटाचा पंख दहा वेळा वरखाली केला आणि म्हणाली, "आई, सो क्यूट यार!"

सव्विसाव्या आठवड्यातच मुलगी झाली. नऊशे ग्रॅमची. काचेच्या पेटीत, नाकातोंडात नळ्या, आणि तळहात माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. डॉक्टर म्हणाले, बाळ इतकं लवकर का होतं याची कारणं कधीकधी सापडत नाहीत. मला मात्र सापडलं होतं. ते माझ्याच कपाटात घडी करून ठेवलेलं होतं. कुणाला सांगायची सोय नव्हती.

अकराव्या दिवशी सकाळी निहारचा, माझ्या मुलाचा, मेसेज आला. तिला परत व्हेंटिलेटरवर घेतलं होतं. मी उठले, कुंची काढली आणि उसवत सुटले. केलेलं मोडलं तर झालेलंही मोडेल, असलं काहीतरी डोक्यात होतं. पोपटांच्या पोटातले फेल्टचे थर एकेक करून निघाले. पिशवी भरली, पण कचऱ्यात टाकायला हात धजेना. शेवटी ती गाडीतच ठेवून हॉस्पिटलला गेले.

अंतरा पेटीजवळ बसली होती. मला बघताच म्हणाली, "आई, कुंची आणाल? उजेड लागू नये म्हणून पेटीवर पांघरूण घालतात. इथलं निळं किती बोअरिंग आहे! नर्सला सांगितलंय मी, माझ्या सासूबाईंचे पोपट बघच म्हणून."



"उसवली गं," मी म्हटलं. "आजच. आधी करायलाच नको होती. माझ्यामुळेच हे सगळं…"

ती ओरडेल असं वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे ती घरी येणार नाही, असं धरूनच चाललात तुम्ही," ती म्हणाली.

"नाही गं बाई!"

"मग उसवली कशाला?"

तिचं खरं होतं. मान वर करायची लाज वाटली मला. सगळे बाळासाठी झटत होते आणि मी, त्याची सख्खी आजी, आशा सोडून मोकळी झाले होते.

मग अंतराने डोळे पुसले.

"जन्माआधी करायचं नाही, असंच ना तुमच्यात?"

"हो."

"झालाय ना तिचा जन्म? अकरा दिवसांची आहे माझी मुलगी. उद्या बारावा. बारशाला कुंची लागते, आई."

मी गाडीतून पिशवी आणली. सुई आत चालणार नाही, असं नर्स म्हणाली, म्हणून वॉर्डच्या काचेबाहेर खुर्ची टाकून बसले. दोरा ओवायलाच पाच मिनिटं लागली. कुंची शिवायला फार वेळ लागत नाही, पण पोपट दिवसात एकच होतो. पंख नेहमी शेवटी करतात. मी तो आधी घेतला, अंतराला वरखाली करता यावा म्हणून.